आषाढात अडणारा सागवानी खण : रंधा मारण्याआधी काय तपासावं

जुलैचा दुसरा आठवडा उजाडला की वहिनीचा फोन ठरलेला. "भाऊजी, मधला खण परत अडला. ह्यांचे शर्ट आत आहेत आणि सकाळपासून ओढतेय मी."

चार खणांचं हे बैठं कपाट मी दादासाठी मे महिन्यात केलं होतं. नाशिकमध्ये सातपूरला आमच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तीच माझी कार्यशाळा. कपाट गंगापूर रोडला दादाच्या तळमजल्यावरच्या घरी गेलं तेव्हा खण लोण्यासारखे सरकत होते. दीड महिन्यात दोन खण अडले. मी रंधा घेऊन गेलो, वरच्या कडेवरून चार-पाच साली काढल्या, खण पुन्हा चालू लागला. मार्चमध्ये पाहिलं तर त्याच खणाच्या वर बोटाचं नख सहज जाईल एवढी फट. दिसायला वाईट म्हणून सागाची बारीक पट्टी चिकटवली. जुलैत खण पुन्हा गच्च. पुन्हा रंधा, पुन्हा फट. असे तीन पावसाळे गेले.

घरी लाकूडकाम करणाऱ्या ओळखीच्या बहुतेकांची हीच तक्रार असते: पावसाळ्यात खण अडतात, उन्हाळ्यात फटी पडतात, टेबलाचा माथा मधोमध उलतो, दाराचा पाट वाकतो. मूळ कारण सगळ्यांचं एकच आहे आणि पावसाळ्यात रंधा हातात घेणं हा त्यावरचा उपाय नाही. जुलैत काढलेली साल मार्चमध्ये परत जोडता येत नाही.

आधी, लाकूड नेमकं कुठल्या दिशेला फुगतं ते पाहू.

तोडलेलं, वाळलेलं, पॉलिश केलेलं लाकूडसुद्धा हवेतला दमटपणा घेतं आणि सोडतं. हवेची सापेक्ष आर्द्रता बराच काळ ३० टक्क्यांच्या आसपास राहिली तर लाकडातला ओलावा साधारण ६ टक्क्यांवर स्थिरावतो. तीच आर्द्रता ८० टक्के राहिली तर तो १६ टक्क्यांच्या आसपास जातो. नाशिकच्या एप्रिल-मेच्या दुपारी तोंड कोरडं पडतं आणि जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवरचे कपडे दोन-दोन दिवस वाळत नाहीत, म्हणजे ही दोन्ही टोकं आपल्याकडे एकाच वर्षात येतात. जाड आणि पॉलिश केलेलं लाकूड घरात असल्यामुळे हवेच्या मागे पूर्ण धावत नाही. तरी ५ ते ६ टक्क्यांचा फरक धरून चालावं.

हा ओलावा लाकडाला सगळीकडे सारखा फुगवत नाही. लांबीत, म्हणजे रेषांच्या दिशेने, फरक इतका नगण्य असतो की खणाच्या कामात तो शून्य धरला तरी चालतं. रुंदीत मात्र फरक पडतो. सागाचे आकडे असे: ओलं लाकूड पूर्ण कोरडं होईपर्यंत वार्षिक वर्तुळांच्या अंगाने सुमारे ५.८ टक्के आकसतं आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे २.५ टक्के. हे आकसणं ओलावा साधारण २८ टक्क्यांच्या खाली उतरल्यावरच सुरू होतं. भागाकार केला की ओलाव्याच्या दर एका टक्क्यामागे रुंदी साधारण ०.२ टक्का बदलते, आणि उभ्या कापाची फळी असेल, म्हणजे टोकाकडून पाहिल्यावर वर्तुळांच्या रेघा उभ्या दिसत असतील, तर त्याच्या निम्म्याहून कमी.

आता वहिनीचा खण घ्या. उंची ८ इंच, म्हणजे २०० मिलिमीटरच्या थोडं वर. ओलाव्यात ६ टक्क्यांचा फरक धरला तर २०० गुणिले ०.२ टक्का गुणिले ६, म्हणजे २.४ मिलिमीटर. मिस्त्रींच्या भाषेत पाऊण सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). खणावर मी मे महिन्यात फट ठेवली होती एक मिलिमीटर. उरलेलं दीड मिलिमीटर जाणार कुठे? कपाटाच्या बाजूच्या फळ्यांच्या रेषा उभ्या आहेत, त्यामुळे खणाच्या जागेची उंची बारा महिने तेवढीच राहते. खण उंचीत वाढतो, त्याची जागा वाढत नाही. आणि साग हे कमी हलणाऱ्या लाकडांत गणलं जातं, हेही इथे लक्षात ठेवायला हवं.

जुन्या वाड्यातून निघालेलं सागवान घेणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगतो. "शंभर वर्षांचं लाकूड आहे साहेब, आता काय हलणार," असं वखारीत हमखास ऐकायला मिळतं. त्या लाकडाचा मूळचा ओलावा गेलेला असतो हे खरं, ते एकदम पिळवटून निघत नाही हेही खरं. पण ऋतूप्रमाणे फुगणं-आकसणं वयावर अवलंबून नसतं. माझ्याकडे वाड्याच्या तुळईतून कापलेली एक फळी आहे, तीही नव्या सागाइतकीच हलते. (असं लाकूड रंध्याखाली घालण्याआधी त्यावरून लोहचुंबक फिरवा. तुटलेले खिळे आत दडलेले असतात आणि रंध्याच्या पात्याला मोठा दाता पडतो.)

रोगनिदान करताना मी आता पहिला प्रश्न एवढाच विचारतो: खण वर-खाली घासतोय की डाव्या-उजव्या बाजूला?

खणाच्या दर्शनी फळीच्या रेषा आडव्या असतात, म्हणून तिची लांबी पावसाळ्यात वाढत नाही. फुगून अडलेला खण वर-खालीच अडणार. कडांना खडू किंवा निळं कार्बन लावून खण जरा आत-बाहेर करा, डाग कुठे उमटतो ते लगेच दिसेल. डाग वरच्या कडेला लांबलचक पट्ट्यासारखा आला तर ते ओलाव्याचं काम. डाग बाजूला आला तर पावसाला दोष देण्याआधी पुढच्या गोष्टी पाहा.

कपाट सपाट उभं आहे का? नाशिकच्या जुन्या घरांत शहाबादी फरशीला उतार असतो. कपाटाचा एक पाय एक सूतभर खाली गेला तरी चौकट तिरकी होते आणि खण कोपऱ्यात चावतो. दोन्ही कर्ण टेपने मोजा. दोन्हींत दोन-तीन मिलिमीटरचा फरक आढळला तर पायाखाली पाचर घाला आणि रंधा बाजूला ठेवा. मी एका शेजाऱ्यांचं कपाट असंच पाच मिनिटांत सोडवलं होतं. त्यांनी त्यावर दोन पावसाळे पॉलिश पेपर घासला होता.

खण लोखंडी चॅनेलवर सरकत असेल तर त्यातला भुसा आणि घट्ट झालेलं जुनं ग्रीस काढा. चॅनेलचे स्क्रू सैल झालेत का तेही बघा.

तिसरं कारण सहज नजरेतून सुटतं: खणाचा तळ. तळाला प्लाय असेल तर चिंता नाही, प्लायचे थर एकमेकांना काटकोनात असतात, त्यामुळे तो जवळजवळ हलत नाही. पण हौसेने तळही सागाचा केला आणि त्याच्या रेषा पुढून मागे ठेवल्या, तर पावसाळ्यात तळ रुंदीत फुगतो आणि दोन्ही बाजूंना बाहेर रेटतो. मग खण बाजूला घासतो आणि आपण बाजूंची लाकडं रंधत बसतो. तळाच्या रेषा डावीकडून उजवीकडे हव्यात. तळ तिन्ही बाजूंना खाचेत नुसता बसवायचा, फेविकॉल लावायचा नाही. मागच्या बाजूला एकच स्क्रू, तोही लांबट भोकातून, म्हणजे तळ फुगेल तो मागच्या दिशेने. माझ्या चारपैकी एका खणात मी नेमकी ही चूक केली होती. त्याचा तळ काढून नव्याने बसवावा लागला.

जुलैतच खण अडून बसला असेल आणि आतलं सामान हवं असेल तर मूठ धरून झटके देऊ नका. मूठ निघते, किंवा दर्शनी फळी बाजूंपासून सुटते, आणि तिथला डोव्हटेल, म्हणजे एकमेकांत अडकवलेल्या दात्यांचा जोड, पुन्हा नीट बसत नाही. वरचा किंवा खालचा खण काढा आणि आत हात घालून अडलेला खण मागून ढकला. सगळेच अडले असतील तर पाठीचा प्लाय उघडा.

खण बाहेर आला की रिकामा करून आठ-दहा दिवस कोरड्या, किंचित उबदार जागी ठेवा. आमच्या घरी फ्रिजच्या मागची जागा त्यासाठी उत्तम ठरली, तिथे दिवसभर मंद ऊब असते. पंख्याखाली ठेवून फारसं साधत नाही, कारण पंखा तीच दमट हवा फिरवतो. हेअर ड्रायर, शेगडी, हीटर नकोच. वरचा थर झटकन वाळतो, आतला ओलाच राहतो आणि फळीच्या टोकांना चिरा पडतात. नंतर वरच्या-खालच्या कडांना आणि ज्या पट्ट्यांवर खण सरकतो त्यांना साधी पांढरी मेणबत्ती घासा. दर्शनी भाग नुसता घासत असेल, पूर्ण अडत नसेल, तर बहुतेक वेळा एवढ्याने पावसाळा निघतो. खाद्यतेल मात्र लावू नका. ते चिकट होतं आणि त्यावर धूळ धरते.

रंधा मारल्याशिवाय गत्यंतरच नसेल तर खडूचा डाग जिथे आहे तिथेच, पात्याची धार नीट करून, पारदर्शक एक साल काढा. खण बसवून बघा. मग दुसरी. आणि खणाच्या तळाखाली पेन्सिलने तारीख आणि काढलेलं माप लिहून ठेवा.

तीन पावसाळ्यांनंतर मी रंध्याऐवजी व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेणारी मोजपट्टी, घेऊन दादाकडे गेलो. चारही खणांची उंची महिन्यातून एकदा, ठरलेल्या खुणेवर, वर्षभर मोजली. मधल्या खणाचं माप मे महिन्याच्या अखेरीला १९९.२ मिलिमीटर होतं आणि ऑगस्टच्या शेवटी २०१.४. म्हणजे २.२ मिलिमीटरचा हेलकावा, हिशेबाच्या अगदी जवळ. खालच्या एका खणाचा हेलकावा मात्र एक मिलिमीटरच होता. का, ते फळीचं टोक बघितल्यावर कळलं. त्या फळीच्या टोकाला वर्तुळांच्या रेघा उभ्या होत्या आणि तोंडावर, म्हणजे रुंद बाजूवर, सरळ समांतर रेषा. बाकीच्या तिघांच्या तोंडावर डोंगरासारखी नक्षी होती. ही नक्षी सगळ्यांना आवडते, मलाही आवडते, आणि वखारीत मी तीच निवडून घेतली होती. आता रुंद दर्शनी फळीसाठी मी सरळ रेषांची फळी शोधतो. नक्षीची फळी लागते तिथे लहान उंचीचे खण करतो. चार इंचांचा खण हलतो तोही निम्माच.

माझी मूळची चूकही या मोजमापातून समोर आली. मे महिन्यात पत्र्याखालच्या खोलीत लाकूड वर्षातल्या सगळ्यात कोरड्या अवस्थेत असतं. त्या मापावर मी खण घट्ट बसवले आणि दमट तळमजल्यावर नेऊन ठेवले. म्हणून फट किती ठेवायची हे आता मी महिना बघून ठरवतो. त्यासाठी जुनं बाद झालेलं एटीएम कार्ड हाताशी ठेवतो, त्याची जाडी ०.७६ मिलिमीटर असते. आठ इंची, नक्षीच्या सागाचा खण एप्रिल-मेमध्ये बसवत असाल तर वर चार कार्डं जाऊ द्या, म्हणजे जवळपास पूर्ण सूत. दिवाळीनंतर बसवत असाल तर दोन-अडीच. ऑगस्टमध्ये एक पुरे, कारण लाकूड त्याहून फार फुगणार नाही. चार कार्डांची फट मे महिन्यात डोळ्याला खुपते, हे मान्य. वहिनीला मी सांगून ठेवलं की ही फट पावसाची जागा आहे. तिने ते लगेच मानलं. मला स्वतःला मानायला जास्त वेळ लागला.

लाकूड मुळात किती ओलं आहे हे वखारीत विचारून कळत नाही. "सुकलेलं आहे" या शब्दाला तिथे माप नाही. पिनवाला ओलावा-मापक मिळतो आणि तो घ्यावा, पण फळीच्या वरच्या तोंडावर लावून खूश होऊ नका. टोकापासून फूटभर आत ताजा काप घ्या आणि त्या कापात पिना टोचा. यंत्राचा आकडा लाकडाच्या जातीनुसार थोडा चुकतो, म्हणून मी एकदा घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) खातरजमा करून घेतली. फळीतून एक इंचाचा तुकडा कापला, वजन ११२ ग्रॅम. १०० ते १०५ अंशांवर ठेवला आणि वजन उतरणं थांबेपर्यंत तासातासाने तोलला. शेवटी ९७ ग्रॅम. फरक १५, भागिले ९७, म्हणजे सुमारे साडेपंधरा टक्के. लक्षात घ्या, भागायचं ते कोरड्या वजनाने. हे करताना ओटीजीसमोरून हलायचं नाही, आणि मायक्रोवेव्ह वापरायचा नाही.

साडेपंधरा टक्क्यांची फळी घरातल्या कोरड्या दिवसांत आकसणारच. अशा फळ्या मी भिंतीपासून सुटं, एकावर एक रचून ठेवतो. मध्ये दीड-दोन फुटांवर सारख्या जाडीच्या पट्ट्या, त्याही एकाखाली एक सरळ रेषेत, नाहीतर फळ्या लाटेसारख्या वाकतात. टोकांना जुना ऑइलपेंट लावतो, कारण टोकातून ओलावा सगळ्यात वेगाने जातो आणि चिरा तिथूनच सुरू होतात. उन्हात मात्र टाकत नाही. ज्या तोंडावर ऊन लागतं ते आधी आकसतं आणि फळी त्या बाजूला वाटीसारखी वळते. वळलीच तर उलटी करून ठेवा. नुकती वळलेली फळी पुष्कळदा चार-आठ दिवसांत बरीच सरळ येते.

पॉलिशबद्दलही थोडं. आपल्याकडे कपाट बाहेरून चकचकीत आणि आतून कोरं ठेवायची पद्धत आहे. कोरी बाजू ओलावा भराभर घेते, पॉलिशची बाजू सावकाश, आणि फळी वाकते. खणाची दर्शनी फळी आतून, खालून, कडांना, सगळीकडे सारखंच पॉलिश मागते. कुठलंही पॉलिश ओलावा पूर्ण अडवत नाही, फक्त त्याचा वेग कमी करतं. अळशीचं तेल या कामात फार दुबळं आहे, दिसतं सुंदर एवढंच. स्पिरिटमधल्या चपड्या लाखेचे चार-पाच हात त्याहून पुष्कळ बरे आणि घरी कापसाच्या बोळ्याने देता येतात. पीयूही (पॉलियुरेथेन) चांगला. खणांच्या आतल्या बाजूला मी लाख लावतो. तेलाचा वास बंद खणात महिनोन्‌महिने कोंडून राहतो आणि कपड्यांना लागतो.

टेबलाचा माथा उलण्याची गोष्ट याच हिशेबातली. दोन फूट रुंदीचा माथा नक्षीच्या फळ्या जोडून केला तर वर्षभरात तो सात मिलिमीटरपर्यंत आत-बाहेर होऊ शकतो. तो खालच्या चौकटीला स्क्रूने चहूकडून आवळला की एप्रिलमध्ये आकसायला जागा मिळत नाही आणि तो मधोमध फाटतो, बहुतेकदा रात्री, आवाज करून. फाटलेल्या चिरेत पुट्टी भरू नका, पावसाळ्यात ती चीर मिटू पाहते आणि पुट्टी तिला रेटते. आधी स्क्रू सैल करा, चौकटीतली भोकं रुंदीच्या दिशेने लांबट करा, मग चीर बघा. दाराचा पाटही चौकटीच्या खाचेत सुटाच हवा, फेविकॉलचा एक थेंबही नको.

कपाटाच्या बाजूच्या फळीवर, खण सरकण्यासाठी आडवी ठोकलेली पट्टी हीसुद्धा याच जातीची चूक. बाजूची फळी रुंदीत हलते, पट्टी लांबीत हलत नाही. पट्टीला पुढे एक स्क्रू घट्ट आणि मागचा लांबट भोकात, एवढं पुरतं.

आता माझ्या कार्यशाळेच्या भिंतीवर एक पट्टी टांगलेली आहे. नक्षीच्या सागवानी फळीतून रेषांना आडवी कापलेली, बारा इंच लांब आणि इंचभर रुंद. एक टोक खिळ्याने पक्कं, दुसरं मोकळं, आणि त्या टोकाशी स्टीलची मोजपट्टी चिकटवलेली. गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे बघतात, पाणी गुडघ्याला लागलं की कमरेला, छातीला की गळ्याला. मी खण बसवायच्या आधी या पट्टीकडे बघतो. मे ते ऑगस्ट ती साधारण साडेतीन मिलिमीटर पुढे सरकते. रेषांची टोकं तिच्या दोन्ही लांब कडांना उघडी असल्याने हवा बदलली की तिला लगेच कळतं, जाड फळीला आठवडे लागतात.

लोखंडी रंध्याला पावसाळ्यात गंज चढतो हे सगळ्यांना दिसतं. लाकडी रंधाही फुगतो आणि पाचर पात्यावर इतकी आवळून बसते की निघता निघत नाही, हे कमी जणांच्या लक्षात येतं. जूनच्या आधी पाचर सैल करून ठेवा.

दादाच्या कपाटाचे तीन खण दोन पावसाळे नीट चाललेत. सगळ्यात खालचा, तोच उभ्या रेघांचा, ज्याने सगळ्यात कमी हलायला हवं, तो मात्र गेल्या ऑगस्टमध्ये थोडा अडला. मापं पुन्हा काढली तर त्याची मागची बाजू पुढच्यापेक्षा पाऊण मिलिमीटर जास्त फुगलेली. कपाट सरकवलं तेव्हा मागच्या भिंतीला फूटभर उंचीपर्यंत ओल दिसली, बाहेरच्या बाजूला पन्हाळीचं पाणी पडतं तिथेच. कपाट सध्या भिंतीपासून तीन इंच पुढे ओढलंय आणि पाठीच्या प्लायला आतून-बाहेरून लाख लावलीय. पन्हाळीचा पाइप दादा दिवाळीच्या आत बदलून घेणार आहे. तोवर त्या खणाला मी रंधा लावणार नाही.